बाळाजीचा होकार

कासवाडीला आग लागली ती चैत्रात, भर दुपारी. बदलापूर गावापासून उल्हास नदीच्या काठाकाठानं वर गेलं की शेतांच्या कडेला ही वाडी होती. चाळीसेक घरं, कुडाच्या भिंती, वर गवताची छपरं, आणि दोन घरांच्या मधून माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट. राब भाजायचे दिवस होते. भाताचं बी जिथं पेरायचं त्या जमिनीवर पालापाचोळा नि शेण पसरून लोक ते जाळत होते. वाडीच्या आसपास असे तीन-चार राब धुमसत असताना एकाएकी वारा उठला. ठिणगी कुणाच्या राबातली ते कळलं नाही, आणि ते उकरायचंही नाही असं मागाहून सगळ्यांनी मिळून ठरवलं. ठिणगी पेंढ्याच्या गंजीवर पडली, गंजीवरून छपरावर गेली, आणि मग एक छप्पर दुसऱ्याला पेटवत गेलं. माणसं नदीकडे पळाली म्हणून वाचली. गेली ती एकटी तुळशी. ती बाहेर आलेली सगळ्यांनी पाहिली होती. पण मागच्या गोठ्यात वासरू दाव्याला तसंच राहिलं म्हणून ती परत आत शिरली, आणि वरचं छप्पर खाली आलं.

तिचा नवरा बाळाजी त्या दिवशी वालाच्या गोणी घेऊन कल्याणच्या बाजाराला गेला होता. दिवस कलताना तो परतला. वाडीच्या तोंडाशी गाडी उभी करून तो बघत राहिला. त्याचा चुलतभाऊ हिरामण पुढे आला, बाळाजीच्या हातातला कासरा त्यानं काढून घेतला आणि म्हणाला, "दादा, वहिनी गेली."

बाळाजीनं मान हलवली. "बैलांनी सकाळपासून पाणी घेतलं नाय," तो म्हणाला. त्यानं बैल सोडले, नदीवर नेले आणि ते पोटभर पिईपर्यंत काठावर उभा राहिला.

पुढे ही गोष्ट लोक हळू आवाजात एकमेकांना सांगत. काही म्हणत, मोठ्या काळजाचा माणूस. काही म्हणत, काळीजच नाही. दोन्ही खरं नव्हतं. हातावर डोकं ठेवून झोपलं की जागं झाल्यावर तो हात आपला वाटत नाही, उचलला तर उचलतो, सोडला तर पडतो, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. सोळा वर्षांचा संसार होता. मूल झालं नव्हतं. दिवसपाणी झालं, पिंडाला कावळा शिवला, लोकांनी सुस्कारा टाकला. बाळाजीनं तेव्हाही मान हलवली.

वाडी आमराईत येऊन राहिली होती. झाडांना चवाळी नि ताडपत्र्या बांधून लोकांनी आडोसे केले होते. बदलापूर गावातून दोन वेळचा भात-आमटी येई. पण असं किती दिवस चालणार? मृगाच्या आत डोक्यावर छप्पर हवं होतं. दौलतराव पाटलांनी आंब्याखाली सगळ्यांना बसवलं. पोलीस पाटील असले तरी दौलतरावांचं घरही जळालंच होतं. अंगावरच्या कोपरीला अजून धुराचा वास होता. त्यांच्या शेजारी तालुक्याहून पाठवलेले ग्रामसेवक बसले होते. श्यामकांत त्यांचं नाव. पंचविशीचा तरुण, पुण्याकडचा, उन्हानं लाल झालेला. त्यांनी मोठा कागद उलगडला आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"नव्यानं वाडी बांधायचीच आहे," श्यामकांत म्हणाले, "तर पुन्हा जळणार नाही अशी बांधू. छपरं कौलाची. घरं सुटी सुटी. पेंढ्याच्या गंजी सगळ्या खळ्यावर, घराजवळ एकही नाही. आणि मधून दोन गाड्या जातील एवढा रुंद रस्ता, म्हणजे आग लागली तरी पलीकडे उडी मारणार नाही."

हे सगळ्यांना पटलं. बऱ्याच दिवसांनी लोक एकमेकांत मिसळून बोलू लागले. तिथंच पाचजणांची कमिटी नेमली आणि दौलतराव तिचे प्रमुख झाले. मग श्यामकांतांनी कागदावर काठी ठेवून रस्ता दाखवला, तेव्हा गलका थांबला. काठी बाळाजीच्या घरावरून जात होती.

दौलतरावांनी घसा साफ केला. "बाळाजी, तुझ्या घराची जागा रस्त्यात जाते. वाडीसाठी मागतोय. तू काय म्हणतोस?"

"घ्या," बाळाजी म्हणाला.

"नीट विचार कर. घाई नाय."

"घ्या."

हिरामण मागून काहीतरी बोलणार होता, पण दौलतरावांनी उठून बाळाजीच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांचे डोळे भरून आले, आणि बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. बाळाजी त्या खांद्यावरच्या हाताकडे बघत होता. त्या जागेवर तुळशी गेली होती. हे त्याला माहीत होतं, जसं आज वार कुठला हे माहीत असतं तसं.

इथून ते सुरू झालं. बाळाजीचे बैल आगीतून वाचले होते, कारण ते त्याच्याबरोबर बाजारात होते. दगड आणायला गाडी हवी होती. बाळाजी म्हणाला, न्या. खळ्यासाठी त्याच्या शेताचा कोपरा हवा होता. बरं. त्याच्या बांधावरचे दोन फणस शाळेच्या तुळयांना चांगले होते. तोडा. दौलतराव वाईट माणूस नव्हते. बाकीच्यांना काही विचारलं की प्रत्येक जण बायकोला विचारतो म्हणे, भावाला विचारतो म्हणे, आणि चार दिवस जात. बाळाजीला विचारलं की काम त्याच घटकेला पुढे सरके. घाई सगळ्यांनाच होती. हळूहळू कमिटीत काही अडलं की कुणीतरी म्हणायचं, "बाळाजीला विचारा की!" आणि त्यात थट्टा नसायची.

"दादा, तुझं काय राहिलं आता?" हिरामणनं एकदा त्याला विचारलं.

"काय पायजे मला?"



वैशाखात दोघं गाडी घेऊन उल्हासनगरला गेले. वाडीतले लोक त्याला अजून कॅम्पच म्हणत. लढाईच्या वेळच्या सोजिरांच्या बराकी तिथं होत्या, आणि सिंधमधून आलेली माणसं त्यांत राहत होती. तिथले व्यापारी जुनी दारं, खिडक्या, वासे, पत्रे विकत. एका बराकीच्या सावलीत हिरामण किमतीची घासाघीस करत होता आणि बाळाजी एकेक दार उचलून गाडीवर ठेवत होता. व्यापारी साठीचा, डोक्यावर काळी टोपी. त्यानं हिरामणकडून आगीची हकिगत ऐकली, बाळाजीबद्दलही ऐकलं, आणि बाळाजीजवळ येऊन एका बाजूनं दाराला हात दिला.

"पहिला साल कुछ मालूम नहीं पडता," तो म्हणाला. "आदमी खाता है, सोता है, काम करता है. मैं उधर से आया, दो साल आँख में पानी नहीं. फिर एक दिन दाँत दुखा. इतना रोया, इतना रोया. घरवाली बोली, दाँत के लिए कोई इतना रोता है क्या?"

"अजून किती दारं हायत?" बाळाजीनं विचारलं.

व्यापाऱ्यानं उरलेली दारं मोजली. "छे और," तो म्हणाला आणि पुढचं दार उचलायला वळला.

घरं उभी राहू लागली. आज याच्या घरावर सगळ्यांनी राबायचं, उद्या त्याच्या. बायका नदीवरून पाणी आणून चिखल तुडवत, पुरुष कौलं हातोहात वर देत. बाळाजी प्रत्येकाच्या घरावर होता. सांगेल ते काम करी, देतील ते खाई, आणि संध्याकाळी आमराईत जाऊन पडे. त्याच्या स्वतःच्या घराची वेळ सगळ्यांत शेवटी आली. तोवर बऱ्या जागा वाटून झाल्या होत्या. उरली होती ती नदीच्या उतारावरची, खालच्या अंगाची.

"तिथं पाणी चढेल," हिरामण म्हणाला.

"चढलं कुठं एवढ्या वर्षांत?" कमिटीतले एक जण म्हणाले. "जोतं उंच घेऊ. बाळाजी, चालेल ना?"

"चालेल."

जोत्याचे दगड पडले. आणि मग दौलतरावांच्या बायकोनं, जिला सगळी वाडी माई म्हणे, एक दिवस बाळाजीला भाकरी वाढताना विषय काढला. "घर उभं राहील, पण घरात माणूस नको? जांभूळला माझी मावसबहीण हाय, विठा. नवरा तापानं गेला, तीन वर्सं झाली. भावाकडं राबते. पोरबाळ नाय. पाट लावून टाकू दिवाळीनंतर."

बाळाजी भाकरी मोडत होता. "बरं," तो म्हणाला.

माईचा विश्वास बसेना. "बरं म्हणजे? बघायला जायचं ना?"

"तुमी म्हणाल तवा."

दौलतराव, माई आणि बाळाजी जांभूळला गेले. ऊन तापलं होतं. विठाच्या भावानं ओटीवर घोंगडी घातली, गुळपाणी दिलं. दौलतराव नव्या वाडीचं वर्णन करत होते. रस्ता केवढा, खळं कुठं. विठा दारात उभी राहून ऐकत होती. तिशी ओलांडलेली, काळीसावळी, उंच बाई. शेतातून तशीच आलेली, पायाला माती होती. दौलतराव श्वास घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली, "मला यांच्याशी बोलायचंय. एकटीनं."

भाऊ गोरामोरा झाला. पण माई म्हणाली, "बोलू दे. दोघं काय लहान हायत?"

विठा त्याला परसात घेऊन गेली. तिथं एक शेवगा होता आणि त्याच्याखाली उखळ. ती उखळावर बसली नाही, त्यालाही बस म्हणाली नाही.

"तुम्हाला पाटाचं विचारलं, तवा तुम्ही काय म्हणलात?"

"बरं म्हणलो."

"आणि घराची जागा रस्त्याला मागितली तवा?"

बाळाजीनं वर पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या मुलुखात सांगतात. फार थोर माणूस म्हणतात. काय म्हणलात तवा?"

"घ्या म्हणलो."

"फणस तोडायला?"

"तोडा म्हणलो."

"म्हंजे फणसाला, जागेला आणि मला एकच जबाब," विठा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती बाजारात एखादी वस्तू उलटी करून बघावी तसं बोलत होती. "उद्या कुणी म्हणलं, बाळाजी, विठाला घराबाहेर काढ, तर?"

बाळाजीला खरंच उत्तर माहीत नव्हतं, आणि हे त्याच्याच ध्यानात येऊन त्याला किंचित नवल वाटलं. आगीनंतर नवल वाटलेली ही पहिली गोष्ट.

"घर कुठं बांधताय?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं.

"माझं पहिलं घर वांगणीच्या खाली, असंच काठाला होतं. दर साल आषाढात चूल पाण्यात. ओल्या घरात माणूस तापानं गेला. मी पुन्हा काठाला ऱ्हायची नाय. जागा बदलून घ्या, मग या. नाय जमलं तर येऊ नका, मी वाट बघत बसायची नाय." ती जायला निघाली आणि थांबली. "तुमच्या बायकूला काय आवडायचं नाय?"

"वालाचं बिरडं," तो म्हणाला. "आमच्याकडं वालच वाल. ती रांधायची, पण खायची नाय. नुसती मिरची-भाकर खायची."

विठानं मान हलवली आणि ती आत गेली.

परत येताना दौलतरावांनी विचारलं, काय म्हणाली? बाळाजी म्हणाला, बघू म्हणाली. माईला ते पसंत पडलं नाही. वाटेनं ती बराच वेळ हल्लीच्या बायकांविषयी बोलत होती.

पुढच्या बैठकीला बाळाजी नेहमीसारखा कडेला बसला. नवी चावडी बांधायचं चाललं होतं. रस्त्याच्या वरच्या टोकाला, उंचावर, कमिटीनं चावडीसाठी ऐसपैस जागा राखली होती. छपराला लाकूड कमी पडत होतं. दौलतरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नजर ठरलेल्या जागी आली.

"बाळाजी, तुझ्या बांधावरचा तो साग रे. तेवढा झाला की भागतं."

"नको," बाळाजी म्हणाला.

तो काय म्हणाला ते पहिल्यांदा कुणाला समजलंच नाही. दौलतराव पुढच्या विषयाकडे वळलेही होते. मग ते परत वळले. "काय म्हणलास?"

"साग द्यायचा नाय मला."

सागाचं त्याला काही विशेष नव्हतं. झाड होतं, बांधावर उभं होतं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि त्याच्यामागोमाग दुसराही आला. "आणि ती काठाची जागा पण नको. पाणी चढतं तिथं."

"आता?" दौलतराव म्हणाले. "जोत्याचे दगड पडल्यावर? तू स्वतः चालेल म्हणलास."

"तवा म्हणलो."

"वाडीसाठी सगळ्यांनी सोसलंय, बाळाजी. तू एकट्यानं नाय."

हे बोलून दौलतराव स्वतःच दचकले. पण माणसाला सगळ्यांसमोर मागे घेता येत नाही, आणि त्यांनी घेतलं नाही. आमराईत कुणी हलेना. बाळाजीही हलला नाही. त्याला राग आला नव्हता की दुःख झालं नव्हतं. फक्त तो उठून गेला नाही, आणि बरं म्हणाला नाही.

हिरामण उभा राहिला. "वरची चावडीची जागा केवढी हाय? अर्धी दिली तर दादाचं घर बसतं. चावडी काय, चार माणसं बसायला. लहान करा."

"नकाशात तसं नाय," दौलतराव म्हणाले.

श्यामकांतांनी कागद गुडघ्यावर ओढून घेतला. "नकाशा मीच काढलाय," ते म्हणाले. "बदलता येईल."

वाद बराच वेळ चालला. कमिटीतले दोघं म्हणाले की एकाला जागा बदलून दिली की उद्या दहा जण येतील. दोघं म्हणाले की बाळाजीनं वाडीला घर दिलं, वाडी त्याला अर्धी चावडी देऊ शकत नाही का? शेवटी जागा मिळाली. पण सहज मिळाली नाही, आणि त्यानंतर बाळाजीच्या घरावर राबायला सगळे आले नाहीत. जे आले ते कमी बोलले. आतापर्यंत ज्याचं नाव घेताना लोकांचे डोळे पाणावत, त्याच्याविषयी आता म्हणू लागले की बाळाजी बदलला. दौलतराव समोर आले की रामराम करत, थांबत नसत. कौलं चढवायच्या दिवशी मात्र माईनं सगळ्यांना पुरेल एवढं ताक पाठवून दिलं.

त्या वर्षी पावसाळा बेताचाच झाला. नदी काठाच्या खालीच राहिली. ज्या उतारावर बाळाजीनं घर बांधू दिलं नाही तिथं पाण्याचा थेंब चढला नाही, आणि हे लोकांनी त्याला अनेकदा सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. भात लावलं, कापलं, झोडलं. अंग अजूनही परकंच होतं. नव्या घरात तो ओसरीवरच झोपे. समोरून तो रुंद रस्ता खाली जात होता आणि त्यावरून सगळ्या वाडीच्या गाड्या जात.

मार्गशीर्षात विठाशी त्याचा पाट लागला. ती एक ट्रंक, एक पाटा-वरवंटा आणि एक शेळी घेऊन आली. पहिले काही दिवस दोघं पाहुण्यांसारखी वागली. मग एका सकाळी विठानं शेळी घराच्या मागच्या पडवीत, आतल्या खुंटीला बांधली.

"तिथं नको," बाळाजी म्हणाला.

"का? थंडी पडते. चोर हायत, लांडगे हायत."

"बाहेर बांध. मोकळ्यावर."

"मोकळ्यावर कशाला? एवढी पडवी केलीय ती कशाला मंग?"

"नको म्हणलो ना!"

"अहो, पण का?"

"आत जनावर बांधायचं नाय!" बाळाजी ओरडला. आवाज एवढा मोठा होता की पलीकडच्या घरातली बाई दारात आली. "दावं गळ्यात असतं, गाठ बसते ओढून ओढून, सुटत नाय! तुळशी असती तर..."

तो थांबला. हात दाव्याच्या गाठीकडे गेले होते. तो त्या हातांकडे बघत राहिला.

विठानं शेळीचं दावं सोडलं, तिला बाहेर नेऊन कुंपणाशी उभी केली आणि परत आली. सुपात तांदूळ घेऊन ती उंबऱ्याशी बसली.

"बोला," ती म्हणाली. "असती तर काय?"

"काय नाय."

"बरं. मंग त्या दिवसाचं सांगा. तुम्ही बाजारला गेलात. कधी निघालात?"

"पहाटेला," बाळाजी म्हणाला. "गोणी चढवायला तिनंच हात लावला. एक गोण फाटकी होती, तिनं टाके घातले कंदिलाच्या उजेडात."

"मंग?"

"मंग पत्रीपुलापाशी बैलाचा नाल निघाला."

त्यानं ओसरीच्या खांबाला पाठ टेकली. नालाचं सांगितलं, बाजाराचं सांगितलं, वाल कुणी घेतला, कुठं पाणी प्यायलं, कुणी काय बोललं, ते सगळं ओळीनं. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. सगळ्यांनी फक्त आगीचं सांगितलं होतं. मधेच तो अडे, तेव्हा विठा खडे वेचायची थांबून वर बघे. परतीच्या वाटेपर्यंत तो आला. अंबरनाथच्या पुढं लांबून धूर दिसला होता, आणि त्याला वाटलं होतं, लोकांनी आज राब जोरात लावलेत.

तिथं त्याचं बोलणं बंद पडलं. विठानं सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, येऊन बसली. बाहेर शेळी ओरडत होती. रस्त्यानं कुणीतरी गाडी हाकत चाललं होतं, त्यानं रामराम घातला. बाळाजीला तो घेता आला नाही. विठानं घेतला.

"मंग?" थोड्या वेळानं ती म्हणाली.

"सांगतो," बाळाजी म्हणाला. "जरा थांब."